उभ्या गाडीतला कॅमेरा

माझा मुलगा काळजीच्या आवाजात बोलायला लागला की समजावं, आता आपलं काहीतरी जाणार. त्या आवाजात त्यानं आधी माझी शिवणाची मशीन माळ्यावर चढवली, मग माझी खोली नातीच्या अभ्यासाला दिली. मी हॉलमध्ये आले. उरली होती फक्त गाडी.

गाडी छोटीच. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले तेव्हा माझ्या पैशांनी घेतलेली. घाटकोपरच्या आमच्या जुन्या वस्तीतून निघून स्वतःची गाडी चालवणारी मी पहिली बाई, आणि याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. दर रविवारी सकाळी मुलुंडहून निघायचं, वस्तीतल्या तिघी मैत्रिणींना घ्यायचं आणि चढावरच्या बुद्धविहारात वंदनेला जायचं. तिघींचेही गुडघे गेलेले. माझी गाडी होती म्हणून त्यांचं विहार सुटलं नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभीच असायची.

तिथेच कुणीतरी तिचा मागचा बंपर ठोकला. मुलगा म्हणाला, "आई, आपण कॅमेरा बसवू. गाडी उभी असली तरी रेकॉर्ड करत राहतो. काय टेन्शनच नाही." पवईच्या ऑफिसात तो मोठा इंजिनियर आहे. टेन्शन नाही असं तो म्हणाला की घरात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

साकीनाक्याहून एक माणूस कॅमेरा बसवायला आला. त्यानं सांगितलं, वायर दोन ठिकाणी जोडता येते. किल्ली फिरवल्यावरच ज्या फ्यूजला करंट येतो तिथे जोडली, तर गाडी बंद झाली की कॅमेराही बंद. ज्या फ्यूजला चोवीस तास करंट असतो तिथे जोडली, तर उभ्या गाडीतही कॅमेरा चालू, पण तो बॅटरी खाणार. म्हणून मध्ये एक डबी बसवायची. बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली आली की ती डबी कॅमेरा बंद करते. किती खाली, ते डबीवरच्या बारीक बटणानं ठरवायचं. मग त्यानं विचारलं, "गाडी रोज निघते ना?"

"रोज," माझा मुलगा म्हणाला.

मी तिथेच उभी होते. पण माझ्या डोळ्यांचं, गुडघ्यांचं, भुकेचं उत्तर हल्ली तोच देतो, मग गाडीचंही त्यानंच दिलं. माणसानं चोवीस तासांचा फ्यूज धरला आणि कॅमेरा जास्त वेळ चालावा म्हणून बटण सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवलं.

पुढच्याच रविवारी किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं दुसऱ्या बॅटरीवरून जंपर वायर लावून गाडी चालू करून दिली. "आतला दिवा चालू राहिला असेल," मुलगा म्हणाला. असेल, मी म्हटलं. काही दिवसांनी परत तेच. सून गोड बोलते, तिच्यासारखं गोड बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही परत विसरलात का हो? असू दे, वयच आहे." हे ती शेजारणीसमोर म्हणाली.

मग मी गाडीतून उतरण्याआधी एकेक बटण हातानं चाचपायला लागले. दिवा बंद, हेडलाइट बंद, दार बंद. पार्किंगमधून परत फिरून काचेतून आत बघायचे. तरी गाडी बंद पडायची. रविवारी वस्तीत तिघी नटूनथटून बसलेल्या असायच्या आणि मी फोन करून सांगायचे, आज नाही जमत गं. घरात मी चहात साखर घातली की नाही ते चाखून बघायला लागले. गॅस बंद आहे का ते बघायला झोपेतून उठायला लागले. मी घाबरले होते. नवरा गेला तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते.

मुलानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक मला आठवेना. बाई म्हणाल्या, यात विशेष काही नाही, टेन्शननेही होतं. पण मुलगा माझ्याकडे बघत होता. लहानपणी निकालाच्या दिवशी मी त्याच्या मार्कांकडे बघायचे ना, तसा. मला त्याचा तेव्हा इतका राग आला की घड्याळ काढलेला तो कागद फाडावासा वाटला.

त्या रागानंच मला शुद्धीवर आणलं. सगळी नोकरी मी एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली. फॉल्ट आला की आम्ही रडत बसायचो नाही, एकेक गोष्ट बाजूला काढून बघायचो. मी गाडीतला दिवा बंद केल्यावर त्याचा फोनवर फोटो काढला. रविवारी गाडी बंद. फोटोत दिवाही बंद. म्हणजे दिवा नाही आणि मीही नाही. मग मी मेकॅनिककडून बॅटरी भरून घेतली, कॅमेऱ्याची वायर फ्यूजमधून उपसली आणि कुणाला काही बोलले नाही. पुढच्या रविवारी गाडी एका झटक्यात चालू झाली. परत जोडली, परत बंद. मीटर लावला तर बॅटरी पार तळाला. साधी गोष्ट होती. रोज चालणारी गाडी रोज बॅटरी भरते. माझी गाडी आठवडाभर उभी, आणि तो कॅमेरा रिकाम्या पार्किंगचं शूटिंग करत तिची बॅटरी पिऊन टाकत होता. डबी कॅमेरा बंद करायची तोवर बॅटरीत गाडी चालू होण्याइतकं काही उरायचं नाही.

मी तिथूनच मुलाला खाली बोलावलं. मीटर दाखवला. तो मीटरकडे बघेचना.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आई, यार, आता कशाला..."

"कधीपासून?"

"दुसऱ्यांदा बंद पडली ना, तेव्हा मेकॅनिक बोलला होता."

"आणि मला डॉक्टरकडे नेलंस ते?"

"ते नंतर."

नंतर. हे त्यानं वेळ सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, "मग गप्प का बसलास रे?"

"तू ऐकतेस का कुणाचं? गाडी सोड म्हटलं असतं तर सोडली असतीस? मला वाटलं, तू स्वतःहून सोडशील. उद्या कुणाला उडवलंस तर निस्तरायचं मलाच ना?" आणि वर म्हणाला, "तुझ्या चांगल्यासाठीच, आई."

मी त्याच्या कानाखाली मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती. मी वायर काढली, किल्लीवर चालणाऱ्या फ्यूजला जोडली, झाकण बसवलं आणि त्याला म्हटलं, "बाजूला हो, मला गाडी काढायचीय." मेकॅनिककडून जंपर लावून घेतला आणि गाडी काढली. घाटकोपरपर्यंत मी एकटीच हसत होते.

वस्तीच्या तोंडाशी तिघी उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक रिक्षा. "अगं, गाडी आणलीय ना मी!" मी काच खाली करून ओरडले. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती पुढे आली आणि खिडकीशी वाकली. "तुझ्या पोराचा फोन आला होता परवाच. आईच्या गाडीत नका बसू म्हणाला. तुला हल्ली विसरायला होतं, डॉक्टरकडेही नेलं होतं म्हणे."

"अगं ते खोटं आहे! माझं डोकं ठीक आहे. कॅमेरा होता तो!" मी गाडीतून उतरले आणि सांगायला लागले. कॅमेरा उभ्या गाडीत चालू राहतो, चोवीस तासांचा फ्यूज, मधली डबी, मी वायर उपसून बघितली, परत जोडून बघितली, फोटोही काढले. फोनमधला दिव्याचा फोटो मी त्यांच्यासमोर धरला. एकीनं तो फोटो पाहिला आणि मान हलवली, ताप चढलेल्या पोराच्या बडबडीला हलवतात तशी. मी जितकं नीट सांगत होते तितकी त्यांच्या तोंडावर जास्त कीव दिसत होती. दोघी रिक्षात जाऊन बसल्या.

मैत्रीण थांबली. तिनं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली, माझ्याच पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली. मग माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "चल, रिक्षात बस आमच्याबरोबर. सकाळी काही खाल्लंस का गं?"

खाल्लं होतं. सांगायला मी तोंड उघडलं आणि काय खाल्लं ते मला आठवेना.