सामानाच्या खोलीतली तिघं

मोठ्या बाई पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत आल्या, त्या दिवशीची हकीकत शिपाई शपथेवर सांगत असे आणि दरवर्षी तिच्यात थोडी भर पडत असे. म्हणे आधी वाटेतली धूळ बाजूला झाली. मग पटांगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या दोन-दोनच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातली सगळ्यांत ठेंगणी आपणहून पुढे गेली. कुंपणाशी एक गाढव उभं होतं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर ते खाली मान घालून नऊचा पाढा म्हणायला लागलं, आणि नऊ साते अडलं तेव्हा न सांगता पहिल्यापासून सुरू झालं. शिपाई स्वतः भिंतीला टेकून डुलकी काढत होता. तो जो ताडकन उभा राहिला, त्या दिवसापासून त्याची पाठ दुखते ती आजतागायत.

कोंबड्या आणि गाढव वगळलं तर बाकीचं खरं असावं. बाई उंचीला पाच फुटांना दोन बोटं कमी, पण आवाज असा की दुसऱ्या खोलीत शिकवत असल्या तर चौथीची उजळणी आपोआप होई. शाळेला खोल्या तीन. एकीत लहान वर्ग, ते धाकट्या बाई घेत. एकीत मोठे वर्ग, ते मोठ्या बाईंचे. तिसरी सामानाची. तिच्यात मोडकी बाकं, फाटके नकाशे, एका बाजूनं चेपलेला पृथ्वीचा गोल आणि खात्यानं एकदा पाठवलेला वजनकाटा, जो कुणीही उभं राहिलं तरी सदतीस किलो दाखवी. बाई त्या खोलीची किल्ली कमरेला लावून हिंडत. तिथं चोरण्यासारखं काही नव्हतं, पण लपवण्यासारखं होतं.

त्याचं असं झालं. बाईंच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक साहेब तपासणीला आले. त्यांनी वर्गात बसलेल्या एकतीस मुलांतून नेमकं सर्वांत मठ्ठ पोर हेरलं आणि विचारलं, सूर्य कुठे उगवतो. पोर म्हणालं, आमच्या घरामागे. साहेबांनी ते खरं की खोटं हे पाहिलं नाही. शेरेबुकात लिहिलं, "अध्यापन असमाधानकारक". बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवल्या, आणि तेव्हा साहेबांचा बंदोबस्त ठरलेला होता.

तेव्हापासून साहेबांची गाडी फाटकाशी दिसली की बाई टेबलावर पट्टी दोनदा ठोकत. वर्गातली कच्ची मुलं निमूट उठत, सामानाच्या खोलीत जात आणि शिपाई बाहेरून कडी-कुलूप घाली. तांदळातले खडे वेचावेत तसं. वर्गात उरायचं ते सगळं पांढरंशुभ्र आणि पाढे पाठ असलेलं. एखाद्या चौकस साहेबानं ते दार उघडायला लावलंच, तर त्याचीही तयारी होती. आतल्यांनी ओळीनं उभं राहायचं आणि एका सुरात सांगायचं, "आम्ही या शाळेत नाही. चेंडू न्यायला आलो होतो." संशय नको म्हणून बाईंनी आत एक खरा चेंडूही ठेवला होता. दर शनिवारी शेवटच्या तासाला याची तालीम होई. कच्च्या मुलांना बाईंनी इतकं मन लावून दुसरं काहीच शिकवलं नाही. तीस वर्षांत दार एकदाही उघडलं गेलं नाही आणि शेरेबुकात तीस वेळा "समाधानकारक" लागलं. बाईंना ते शब्द पाठ होते, तारखांसकट.

अलीकडे खोलीचा मान तिघांना होता. पहिला "हं". त्याला काहीही विचारा, तो हं म्हणे. नाव विचारलं तरी हं, कान पिळला तरी हं. दुसरी "आरसा". ती सगळी अक्षरं उलटी काढायची, इतकी रेखीव उलटी की वही आरशासमोर धरली तर शुद्धलेखनात पहिली आली असती. तिसरा बाईंचा सख्खा भाचा, म्हणजे धाकट्या वन्संचा एकुलता एक. त्याचा पाढा दोनाचा. तिनाच्या वाटेला तो गेला नव्हता.

बाईंचे यजमान कधीच वारले होते आणि दोघी नणंदा-भावजया एकाच घरात राहात. वन्सं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देत. एकदा इस्त्री फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्या पोराला कोंडून ठेवता म्हणे."

"कोंडत नाही, वन्सं. राखून ठेवते."

वन्संनी इस्त्री इतकी दाबली की कुणाच्या तरी बाहीला डाग पडला. पण घर बाईंच्या पगारावर चालत होतं, त्यामुळे विषय बाहीवर संपला.

आता मुद्द्याचं. शाळेचा पट दरवर्षी खाली येत होता. लोक मुलांना दूरच्या, रंगीत बस असलेल्या शाळेत घालत. एकतीसचे सव्वीस झाले, सव्विसाचे एकवीस. त्यातच वर खात्याला जाग आली. कुणीतरी हिशोब पाहिला, तर जेवढी मुलं जन्मलीच नव्हती तेवढ्यांचे गणवेश शिवून झाले होते आणि जेवणं जेवून झाली होती. तेव्हा परिपत्रक निघालं : प्रत्येक शाळेत प्रत्यक्ष मोजणी होईल, वीसच्या खाली पट निघाल्यास शाळा बंद, आणि खोटी मुलं दाखवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. शाळा बंद झाली असती तर त्यांना उठून कुठल्या तरी परक्या शाळेत, परक्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली जावं लागलं असतं. बाई हाताखाली गेल्या नसत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंना धरून.

मग त्यांनी घरोघरी जाऊन आईबापांना अशी तंबी दिली की मोजणीच्या दिवशी तापाचं पोरसुद्धा कपाळावर ओली पट्टी बांधून हजर झालं. एकवीसच्या एकवीस. असं त्या शाळेत आधी कधी घडलं नव्हतं. बाईंनी हजेरीपटावर एकवीस हजर मांडले आणि सही केली.

आणि नेमका तेव्हा शेजारच्या शाळेतून फोन आला. साहेब निघालेत, आणि पाढेही विचारतात. तेराचा.

हे ऐकून बाईंचा हात पट्टीकडे गेला. धाकट्या बाईंनी दारातून ते पाहिलं. "बाई, आज नको," त्या हळूच म्हणाल्या. "आज डोकी मोजणार आहेत."

"अगं, खात्याला डोकी मोजता आली असती, तर असले अधिकारी नेमले असते का?"

यात गंमत अशी की बाई अजिबात चुकीचं बोलत नव्हत्या. एकतीस वर्षांत एकाही साहेबानं मूल मोजलं नव्हतं. परिपत्रकात "प्रत्यक्ष" हा शब्द दरवेळी असे आणि खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ हजेरीपटात पाहून, असा होता. साहेब बसत, चहा घेत, हजेरीपटावर बोट फिरवत, दोन मुलांना पाढा विचारत आणि जात. हजेरीपटात एकवीस होते. अडचण होती ती पाढ्याची. जी बाई एकवीस वजा तीन हे गणित गेली एकतीस वर्षं फळ्यावर मांडत आली होती, तिनं ते त्या सकाळी मांडलं नाही. गाडी फाटकाशी दिसली आणि पट्टी दोनदा वाजली.

तिघं उठली. हं, आरसा आणि भाचा. कडी लागली.

साहेब तरुण होता, बारीक, डोळ्यांखाली काळं झालेला. आठवडाभरात त्यानं चौदा शाळा केल्या होत्या आणि सातांमध्ये भाड्याची मुलं सापडली होती. एका ठिकाणी तर दुकानदाराची पोरं एकाच दिवशी तीन शाळांत शिकत होती. म्हणून बरोबर एक कारकून आणि शाईची दौत होती. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लागायची, म्हणजे ते पुढच्या शाळेत पुन्हा मोजलं जायचं नाही. साहेबानं चहा नको म्हटलं. चहा नको म्हणणारा साहेब बाईंनी पाहिलेला नव्हता.

हजेरीपट त्यानं उघडला, मिटला आणि काखेत मारला. मुलांना पटांगणात उभं केलं. कारकून शाई लावत गेला, साहेब मोजत गेला. तेराचा पाढा कुणालाच विचारला नाही. शेजारच्या शाळेतही विचारला नव्हता. तिथल्या मुख्याध्यापकांनी आपली जरा थट्टा केली होती.

अठरा झाले आणि ओळ संपली.

"मॅडम, पटावर एकवीस हजर. बाकी तीन?"

बाईंपुढे दोन वाटा होत्या. मुलं आत कोंडली आहेत असं सांगितलं तर अब्रू जाते, नाही सांगितलं तर शाळा. बाईंनी अब्रू सोडली. याबद्दल त्यांना मानलं पाहिजे, कारण तेवढी एकच चीज त्यांनी आयुष्यभर जपली होती. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि साहेबाला सामानाच्या खोलीकडे नेलं. वाटेत सगळं सांगितलं : मुलं कच्ची आहेत, साहेबांसमोर बोलत नाहीत, म्हणून आत बसवते, चूक झाली, पण मुलं आहेत, खरी आहेत, यातला एक तर माझा भाचाच आहे. साहेब ऐकत होता. अशा गोष्टी त्यानं आठवड्यात सात ऐकल्या होत्या आणि त्यांतल्या दोन याहून चांगल्या होत्या.

दार उघडलं. तिघं ओळीनं उभी राहिली. भाच्याच्या हातात चेंडू होता.

"बाळांनो, तुम्ही या शाळेत शिकता का?" साहेबानं विचारलं. आवाज मऊ होता. तो वाईट माणूस नव्हता.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. छाती पुढे, नजर समोर. इतकी वर्षं ज्या क्षणाची तयारी चालली होती तो क्षण आला होता. हं, जो आयुष्यात हं पलीकडे गेला नव्हता, त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

"आम्ही या शाळेत नाही. चेंडू न्यायला आलो होतो."

एक अक्षर मागेपुढे नाही. सूरसुद्धा एक. त्या शाळेत इतकं निर्दोष उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

बाई ओरडल्या, खरं सांगा रे. तिघांनी ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. कारण तालमीत बाई असंच करायच्या. साहेब बनून दटावायच्या, खरं सांगा म्हणून डोळे वटारायच्या, आणि जो डगमगला त्याला पट्टी. डगमगायचं नाही, हे आता त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. धाकट्या बाई रडायला लागल्या. त्यांनी आणि शिपायानं शपथा घेतल्या, पण पगार त्याच शाळेचा घेणाऱ्यांच्या शपथा साहेबाच्या तक्त्यात बसत नव्हत्या.

"मग यांना इथं कुणी आणून ठेवलं?" साहेबानं विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या.

साहेबानं ते शब्दशः उतरवून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. "हं"नं शाईसाठी बोट पुढे केलं होतं. कारकुनानं दौतीचं झाकण लावलं.

गाडी गेली. पटांगणात निळ्या बोटांची अठरा मुलं आणि कोऱ्या बोटांची तीन उभी होती. भाचा चेंडू घेऊन बाईंपाशी आला. त्याचा चेहरा इतका उजळलेला त्याच्या आईनंही पाहिला नसेल.

"मामी, बरोबर आलं ना?"

बाईंनी त्याच्या कानाखाली वाजवली. बरोबर उत्तराला मार खाल्लेला त्या शाळेतला तो पहिला विद्यार्थी, आणि अर्थात शेवटचा. घरी वन्संनी बाईंना एवढंच सांगितलं की वहिनी, आता तरी राखून ठेवू नका त्याला. त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, पण बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी भाच्याकडून निरोप जाई, आणि भाचा निरोप चुकीचे पोचवी.

बाईंनी अपील केलं. सुनावणीत खात्यानं विचारलं की मोजणीत अठरा निघाले आणि त्याच सकाळच्या हजेरीपटात एकवीस कसे? मग आधीच्या तीस वर्षांचे हजेरीपट तरी खरे कशावरून? बाईंनी तीस "समाधानकारक" पुढे ठेवले. खात्याच्या वकिलानं सांगितलं की हे शेरे ज्या हजेरीपटांवरून दिले तेच संशयास्पद असल्यामुळे शेरेही संशयास्पद ठरतात. बाई एकतीस वर्षं तर्क शिकवत आल्या होत्या. त्यांना त्यात चूक सापडेना.

शाळा बंद झाली. बाईंना मुदतीआधीच निवृत्त केलं आणि तिघांच्या चार वर्षांच्या गणवेशांचा आणि जेवणाचा खर्च बाईंच्या निवृत्तिवेतनातून वळता झाला. धाकट्या बाईंची बदली झाली. शिपाई दुसऱ्या शाळेत गेला आणि तिथं भिंतीला टेकून बसू लागला. अठरा मुलांना रंगीत बसच्या शाळेत सामावून घेण्यात आलं. उरलेल्या तिघांना दाखला मिळाला नाही, कारण जी मुलं शाळेत नव्हतीच, त्यांना शाळा सोडल्याचा दाखला देता येत नाही. तिघांपैकी कुणीही पुन्हा शाळेत गेलं नाही.