गावची गाडी, गोल गाडी

त्या दिवशी औरंगाबादहून दोन फोन आले. पहिला दुपारी, आमच्या घरी. भाचा म्हणाला, "आत्या, बाबांचं ऑपरेशन चांगलं झालं. उद्या-परवा सोडतील. आत्ताच खिचडी मागून राह्यलेत." घर चार दिवस बंद होतं, म्हणून शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन मी झाडझूड करायला दादाच्या घरी गेले. दुसरा फोन तिथंच वाजला, दिवेलागणीच्या आधी. भाच्याला बोलता येईना. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, मुकुंदराव गेले. पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन करायला गेलेला माणूस... हृदय अचानक बंद पडलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मी फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली खोली झाडून पुरी केली. माणसं येणार होती, बसायला जागा लागणार होती.

याला आता दीड महिना होत आला. मुकुंददादा माझा मामेभाऊ. बसखात्यात वाहतूक निरीक्षक म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत जालन्याच्या गाड्यांची आखणी करत राहिला. कोणती गाडी कुठून कुठं जाईल, कधी सुटेल, कुठं थांबेल, हे ठरवणारा माणूस. गाडीला उशीर झाला की लोक ड्रायव्हर-कंडक्टरला बोलतात. आखणी करणाऱ्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसतं. दादाचं नाव मात्र एका गावाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्याचं स्वतःचं गाव होतं.

आमचं हे गाव, म्हणजे माझं आजोळ, केदारखेड्याच्या फाट्यापासून आत आहे. जालना जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी गावाला मुक्कामी गाडी मिळाली. संध्याकाळी जालन्याहून यायची, रात्री मारुतीच्या देवळापुढं उभी राहायची आणि उजाडताच परत निघायची. ही गाडी आणली माझ्या मामानं, दादाच्या वडिलांनी. दादा त्यांना अण्णा म्हणायचा, गावही अण्णाच म्हणायचं. अण्णांनी गावकऱ्यांना घेऊन नाल्यावर दगड-मुरूम टाकून रस्ता गाडीजोगा केला, जालन्याला खेटे घातले, शिकलेला मुलगा खात्यात असूनही त्याच्याकडं शब्द टाकला नाही. "मुकुंदानं आनली आसं कोनी म्हनाया नको," हे त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, ड्रायव्हरला फेटा बांधला. मी तेव्हा पोस्टात नुकतीच लागले होते आणि जालन्याला दादाकडंच राहत होते. आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी, त्याच गाडीनं गावाला गेलो होतो. अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी उभे राहून रस्ता दाखवत होते, जणू दुसरीकडं वळायला तिथं दुसरा रस्ता होता.

गाडीनं गावाचा सगळ्यात मोठा फायदा केला तो दुधाचा. सकाळी टपावर कॅनी चढायच्या आणि ऊन चढायच्या आत जालन्यात पोचायच्या. अण्णांनी दोन म्हशी वाढवल्या. बाकी माणसं मोजकीच असायची. बाजाराचा दिवस सोडला तर गाडी बरीचशी रिकामीच जायची, हेही खरं.

इकडं जालना पसरत चाललं होतं. औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने आले, बियाणाच्या कंपन्या आल्या. बी निवडायला, पुड्या भरायला बायका लागायच्या. त्या राहायच्या गावाच्या एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला. मधे कुंडलिका नदीचा पूल, बाजार, सरकारी दवाखाना, कॉलेज. आम्ही राहत होतो ती वसाहतही तेव्हा शहराबाहेरच होती. मी रिक्षात चौथी किंवा पाचवी म्हणून कडेला टेकून पोस्टात जायचे. दादानं शहराभोवती फिरणाऱ्या एका फेरीची आखणी केली. साहेबांना ती पसंत पडली, पण ते म्हणाले, नवी गाडी मिळणार नाही, आहेत त्यातूनच एक मोकळी करा. मोकळी करायची म्हणजे एखाद्या गावची मुक्कामी गाडी काढायची. सगळ्या गावांकडं पाहिलं तर सर्वांत कमी माणसं आमच्याच गावच्या गाडीला होती.

त्या दिवशी दादा जेवताना बोलला. वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या कोन्या गावची काढा. अण्णांना काय वाटंल?"

"दुसऱ्या गावातही कुणीतरी खेटे घालूनच आणली असंल," दादा म्हणाला. "अन् आपल्या गावची वाचवून त्यांची काढली, तर उद्या कोणत्या तोंडानं जाऊ तिकडं?"

त्यानं गाडी बंद होत असल्याचा कागद गावी जाऊ दिला नाही. स्वतः गेला, त्याच गाडीनं. मी सोबत होते. देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. दादानं उभ्यानंच सांगितलं, पुढच्या महिन्यापासून ही गाडी येणार नाही. कुणाला आधी खरंच वाटेना. मग एकदम गलका झाला. अण्णांचे शेजारी रंगनाथकाका पुढं येऊन म्हणाले, "बापानं आनलेली गाडी तू घेऊन चालला? बाकीची सारी गावं मेली काय रं?" दादा म्हणाला, "काका, गाडीत माणसं नाहीत." "मानसं न्हाई, दूध हाय ना! दूध का पायी जानार?" दादा म्हणाला, धावड्याहून जालन्याला जाणारी गाडी फाट्यावर थांबवतो, कॅनी घ्यायला सांगतो. अण्णा ओट्याच्या कडेला बसले होते. घरी आल्यावर त्यांनी ताटं मांडली, आम्हाला वाढलं, आणि जेवणं झाल्यावर म्हणाले, "तुला यायचं तं येत जाय. घर तुहंच हाय. पन गाडीचं माह्यासमोर बोलू नको."

त्यानंतर बरीच वर्षं अण्णा जालन्याला मुलाच्या घरी आले नाहीत. कामाला यायचे, जीपनं यायचे आणि जीपनंच परत जायचे. मला पोस्टात भेटून जायचे. वहिनींसाठी हरभऱ्याची डाळ, तिळाचा डबा माझ्याकडं ठेवायचे. "मुकुंदाला दे" असं कधी म्हणाले नाहीत.

धावड्याच्या गाडीचं दादानं केलं, पण ते टिकलं नाही. बैलगाडीतून कॅनी फाट्यावर न्यायच्या, गाडीला उशीर झाला की उन्हात दूध नासायचं. कधी टपच भरलेला असायचा. काही महिने ओढत-ताणत चाललं, पुढं बंद झालं. अण्णांनी वाढवलेल्या दोन्ही म्हशी विकल्या. मी दादाला सांगितलं तेव्हा तो बूट घालत होता. नाडी बांधायची थांबवून म्हणाला, "हो, कळलं मला." आणि गेला. या गोष्टीचं समर्थन त्यानं कधी केलं नाही. मोठ्या फायद्यासाठी थोडं नुकसान, असलं वाक्य मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती गाडी सुरुवातीला रिकामी फिरत होती. सकाळी बऱ्यापैकी बायका बसायच्या, संध्याकाळी चिटपाखरू नसायचं. रिक्षावाले हसायचे. डेपोतही हसत असतील. दादा घरी येऊन नुसता बसून राहायचा. एका संध्याकाळी त्यानं वहिनींना भाजी आणायला मुद्दाम त्या गाडीनं नेलं. परत आले तेव्हा वहिनींचा चेहरा लाल झालेला. पिशव्या दाणकन ओट्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "मंडईतून निघालं की आपलं घर ह्या बाजूला, अन् तुमची गाडी चालली त्या बाजूला! सारी चक्कर मारून घरी आनलं. मला का सारं जालना पाह्यचंय?"

दादा वहिनींकडं पाहतच राहिला. सकाळी ज्या दिशेनं फिरते त्याच दिशेनं ती गाडी संध्याकाळीही फिरत होती. सकाळी सरळ कामावर नेणारी गाडी संध्याकाळी सगळ्या शहराला वळसा घालून घरी आणत होती. दमलेली बाई कशाला बसेल त्यात? आखणी करताना ही गोष्ट ना त्याला सुचली ना साहेबांना. त्यानं संध्याकाळची फेरी उलटी फिरवली. कंपन्यांच्या फाटकावर जाऊन सुट्टीच्या वेळा विचारल्या, त्याप्रमाणं गाडी मागंपुढं केली. हळूहळू गाडी भरू लागली. बायकांनीच तिला नाव दिलं, गोल गाडी. पुढं त्याच फेरीवर दुसरी गाडीही सोडली गेली. मी लग्न होऊन जुन्या जालन्यात गेले, तरी पोस्टात त्याच गाडीनं जात राहिले.

मग अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन जालन्याला करायचं ठरलं, आणि आता मात्र मुलाकडं राहण्यावाचून इलाज नव्हता. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते ओसरीवर बसायचे. समोरून गाडी गेली की तोंड फिरवायचे नाहीत, पण विचारायचेही नाहीत. बापलेक जेवायला शेजारी बसायचे, पावसापाण्याचं बोलायचे. वहिनी म्हणायच्या, "ताई, तुम्ही येत जा. घरात दोन पाव्हणे राह्यल्यासारखं वाटतं मला."

पट्टी निघाल्यावर चार-आठ दिवसांनी एका सकाळी अण्णा घरात नाहीत. वहिनींनी मला पोस्टात फोन केला, मी रजा टाकून धावले. दादाही ऑफिसातून आला. आम्ही गल्लीत शोधतोय, तेवढ्यात कोपऱ्यावर गोल गाडी थांबली आणि दोन्ही हातांनी दांडा धरून अण्णा खाली उतरले. काळा चष्मा, हातात काठी. कुणी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "पुरी चक्कर मारून आलो."

अण्णा ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "दवाखान्यासमोर थांबत न्हाई ही. पार फुडं जाऊन थांबती. दुखनं घेऊन आलेला मानूस मांगं कसा चालत जाईल? एक म्हातारी माह्यासमोर दोनदा खाली बसली रस्त्यात."

"तिथं रिक्षा उभ्या असतात, अण्णा. गाडीला जागा राहत नाही."

"मंग रिक्षा फुडं कर. मला काय सांगतो?"

दादानं खरोखरच ते केलं. रिक्षावाल्यांशी भांडण झालं, नगरपालिकेच्या दारात जाऊन बसावं लागलं, पण थांबा दवाखान्याच्या फाटकासमोर आला. आणि अण्णांचा रोजचा उद्योग सुरू झाला. सकाळी नाश्ता करून गाडीत बसायचे, चक्कर मारून यायचे, आणि रात्री जेवताना दादाला ऐकवायचे. कॉलेजच्या पोरी पुलाजवळ उन्हात उभ्या राहतात, तिथं सावली नाही. अमुक कंडक्टर बायकांशी नीट बोलतो, तमुक बोलत नाही. दादा मान खाली घालून ऐकायचा, मधेच एखादा प्रश्न विचारायचा. वहिनी भाकरी वाढत हसू दाबायच्या. गाडीचं माह्यासमोर बोलू नको म्हणणारा माणूस दुसरं काही बोलतच नव्हता!

गावी परत जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले होते. अण्णा पिशवी भरत होते. दादा दारात उभा होता. त्याच्याकडं न पाहता अण्णा म्हणाले, "गावची गाडी तू नेली ते मी इसरलो न्हाई. इसरनार बी न्हाई." मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाले, "पन ही बराबर चालून राह्यली."

दादा पुढं झाला आणि त्यांच्या हातून पिशवी घेतली. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना सोडायला गावापर्यंत गेला आणि दोन दिवस राहून आला. त्यानंतर अण्णा गेले तोवर दर दिवाळीनंतर जालन्याला येऊन राहायचे आणि रोजची चक्कर मारायचे.

गावची गाडी मात्र परत आली नाही. दादानं निवृत्त होण्याआधी दोनदा प्रस्ताव घातला, दोन्ही वेळा तो मंजूर झाला नाही. तोवर डांबरी रस्ता आणि जीपा झाल्या होत्या. दादाच्या मातीला गावातून दोन जीपा भरून माणसं आली. रंगनाथकाका आता पार वाकलेत. माझ्याजवळ बसून म्हणाले, "मुकुंदानं गाडी न्हाई दिली परत." मी म्हणाले, "नाही दिली काका." ते सगळं उरकेपर्यंत उन्हात बसून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडायलाही आले.

परवा वहिनींना पेन्शनच्या कागदांवर सही करायला न्यायचं होतं. भाचा रिक्षा आणतो म्हणाला, वहिनी म्हणाल्या, गाडीनंच जाऊ. गाडी अर्धी रिकामी होती. मी पुढं बसले. वहिनी मात्र दांडे धरत सरळ मागं गेल्या आणि अगदी शेवटच्या लांब बाकावर जाऊन बसल्या, जिथं सगळ्यात जास्त आदळतं. मी उठून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "वहिनी, पुढं चला ना. कंबर मोडंल इथं."

"ह्यांच्यासंगं कधी पुढं बसलेच न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "मागंच बसायचे. रस्ता कसा हाय ते मागंच कळतं म्हणायचे."

पुलाच्या अलीकडं गाडी दणकन खड्ड्यात गेली. आम्ही दोघी बाकावरून उचलल्या गेलो. वहिनींनी खिडकीतून वाकून मागं पाहिलं, खड्डा नीट बघून घेतला आणि पदर सावरत म्हणाल्या, "केवढा मोठा झाला हा. घरी गेल्यावर सांगते ह्यांना."

मग त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. गाडी पुलावर चढली होती.