कुठी जाऊन राहिले, आजोबा?

आत्ताच बाहेरून आलो. मुलं जेवताहेत आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

गोंदियाजवळचं कामठा गाव सोडून पुण्याला आलो त्याला दोन महिने झाले. आज पहिल्यांदाच दोन्ही मुलांना शहर दाखवायला निघालो.

आमच्या कामठ्याला रस्त्यात माणूस दिसला की कुठे निघालात, हे विचारायचंच. न विचारता पुढे गेलं तर लोक टोमणा मारतात, "मोठी साहेबीण झाली का वं?" सहा वर्षांची गुड्डी त्यातच वाढली. बसमध्ये बसल्या बसल्या तिनं शेजारच्या माणसाला विचारलं, "कुठी जाऊन राहिले, आजोबा?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. ऐकू आलं नसेल असं वाटून तिनं आणखी मोठ्यानं विचारलं. पुढची बाई वळून मला म्हणाली, "अहो, मुलीला जरा शिकवा. असं कुणालाही विचारत नाहीत."

"चूप ना गुड्डी," तिचा दादा पुटपुटला. "इथं नाही विचारत."

"काऊन?"

का ते मी सांगीन म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, "चूप बस, बेटा."

बागेत ती माझा हात धरून मुकाट चालत राहिली. परतीच्या बसमध्ये एक आजी तिच्याजवळ बसल्या आणि तिच्याकडे पाहून छान हसल्या. गुड्डीनं ओठ घट्ट मिटले. मग हळूच माझ्याकडे पाहिलं, आपण बरोबर केलं ना, हे विचारत.

मी मान डोलावली. तुम्ही काय केलं असतं?