शाल तेवढी

आष्ट्याजवळच्या एका गावात पायगोंडा वाचनालय सांभाळायचा. पुस्तकं देण्याघेण्याचं काम थोडंच होतं. खरं काम शाल सांभाळण्याचं. सत्काराची शाल गावात एकच, काठाला कुंकवाचा डाग पडलेली. ती पुस्तकांच्या कपाटात खालच्या फळीवर डांबरगोळ्यांत पडून असायची. कार्यक्रम उरकला की पायगोंडानं सत्कारमूर्तीच्या मागं चार पावलं जायचं आणि हळूच म्हणायचं, "शाल तेवढी." नारळ मात्र ज्याचा त्याला.

ही शाल सगळ्यात जास्त वेळा बसली ती वाचनालयाचे अध्यक्ष दादासो यांच्या खांद्यावर. त्यांची मुलगी बारावी पास झाली, सत्कार दादासोंचा. गावातल्या शेळ्यांना लस टोचली, तरी सत्कार दादासोंचाच. माइकवर नाव पुकारलं की शालीची घडी मोडायच्या आत त्यांची मान आपोआप वाकायची.

वीस वर्षं हे बघून पायगोंडाच्या पोटात हसू साठलं होतं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं त्यावर एक गोष्ट लिहिली, आणि दिवाळीला ती सांगलीच्या एका अंकात छापूनही आली. मग मात्र त्याची पाचावर धारण बसली. दादासोंनी एक सही केली की कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि त्या किल्लीशिवाय पायगोंडाला दुसरं काही येत नव्हतं.

"आवं, माणूस तरी बदलायचा," त्याची बायको राजमती म्हणाली.

"बदलला की. गाव फलटणकडचं केलं. मिशा दिल्या."

"दादासोंना मिशा न्हाईत व्हय?"

"हायत. पर बारीक. मी झुपकेदार दिल्यात."

राजमतीनं कपाळावर हात मारला.

वाचनालयात अंक आला तो पायगोंडानं शालीच्या घडीत दडवला. पण चौथ्या दिवशी दादासो दारात उभे राहिले, तर त्यांच्या हातात सांगलीहून विकत आणलेला तोच अंक. ते खुर्चीत बसले. पायगोंडाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. काढून द्यायचीच असेल तर मागायच्या आधी दिलेली बरी.

दादासोंनी अंक उघडला, दोन ओळी वाचल्या आणि त्यांचं पोट गदागदा हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"पायगोंडा, गड्या, नाथाजीला पार सोललास की रं. ती मान बघ, आपोआप वाकतीया. हुबेहूब नाथाजी."

नाथाजी म्हणजे शेजारच्या गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. पायगोंडानं किल्ली तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी नाथाजी पेढे घेऊन हजर. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "दादासोला बरोबर धरलायस. कुणाला सांगत न्हाई मी. पर त्या मिशा लय झकास."

पायगोंडानं पेढा तोंडात कोंबला. हसू आवरायला दुसरी जागाच नव्हती.

आठवड्यानं वाचनालयाच्या अंगणात लेखकाचा सत्कार ठरला. मांडव दादासोंचा, माइक नाथाजींचा. शालीला इस्त्री अर्थातच पायगोंडाची. दोघं पुढारी व्यासपीठावर शेजारी बसले, एकमेकांकडं बघून गालात हसत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, बिचाऱ्याला काही कळलेलं दिसत नाही.

दादासो बोलायला उठले. "अशा माणसांचं ढोंग उघडं पाडलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी पाऊण तास स्वतःविषयी सांगितलं. नाथाजी जोरजोरात टाळ्या वाजवत होते. पायगोंडा कोपऱ्यातल्या खुर्चीत ओठ चावून बसला होता. घरी जाऊन राजमतीला हे कसं सांगावं, याची जुळवाजुळव तो मनात करत होता. दुसरी गोष्टच तयार होत होती.

एवढ्यात माइकवर त्याचं नाव पुकारलं. तो उठला, पुढं आला. शाल अजून तबकातच होती, नाथाजी तिच्या घडीचं टोक शोधत होते. आणि पायगोंडाच्या लक्षात आलं, आपल्याला आपल्या चपलांचे अंगठे दिसताहेत. मान वाकली होती. कधी वाकली, त्याला सांगता आलं नसतं. त्यानं ती सरळ करायचा यत्न केला, तर ती जास्तच वाकली. पहिल्या रांगेत राजमतीनं पदराचा बोळा तोंडात घातला होता आणि तिचे खांदे हलत होते.

शाल खांद्यावर पडली. डांबरगोळ्यांचा वास आला. कुंकवाचा डाग नेमका वर आला होता. फोटोवाला म्हणाला, "हिकडं बघा," तेव्हा तिघांनीही बघितलं, पण सगळ्यात आधी पायगोंडानं.

मांडव रिकामा झाला. शाल मागायला कुणी येणार नव्हतं, मागणारा तोच होता. तो ती खांद्यावर घेऊनच घराकडं निघाला. वाटेत मारुतीच्या देवळापाशी त्यानं उगाचच एक वळसा जास्त घेतला. पारावर चार माणसं बसली होती.

दारात पाऊल टाकलं तर राजमती आधीच येऊन उभी. तिनं हात पुढं केला.

"शाल तेवढी."