एक पिन मोकळी राहिली होती

अक्काचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, मी शिकवतो त्या शाळेत होतो, मधली सुट्टी संपत आली होती. ‘दाजी गेले,’ एवढंच ती म्हणाली. या फोनची धास्ती कधीपासून मनात होती. तरी तो आला तेव्हा मी वर्गाच्या दारात नुसता उभा राहिलो आणि आतली पोरं माझ्याकडे बघत राहिली. आता महिना उलटून गेला, तेव्हा कुठे लिहायला बसलो आहे.

बसवराज दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात त्यांचं अडतीचं दुकान. तरुणपणी लातूरला कॉलेजात असताना त्यांनी टीव्हीला जोडायचा एक छोटा संगणक पाहिला, त्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवला आणि ते त्या नादाला लागले. पण वडिलांनी अंथरूण धरलं, शिक्षण सुटलं, दाजी दुकानाच्या गादीवर बसले. पन्नाशी उलटल्यावर, मुलगी सासरी गेल्यावर, त्यांनी माडीवरच्या खोलीत तसलाच संगणक स्वतः बांधायला घेतला. जुन्या धर्तीचा, आठ बिटांचा. सुट्या चिपा, केसांसारख्या बारीक तारा, लाल दिव्यांची रांग. खिशातला मोबाइल याच्याहून किती पुढचा आहे, असं मी एकदा म्हणालो, तर हसून म्हणाले, ‘‘त्यात काय चाललंय ते दिसत न्हाई. इथं याचं एकेक पाऊल दिसतं.’’

मग छातीत दुखायला लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून ऑपरेशन सांगितलं, तेही लवकर. दाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा त्या तारांपुढे बसले. संगणक तोवर जुळला होता, पण सुरू केला की थोडा वेळ नीट चालायचा आणि मध्येच भरकटायचा. दिवे वेडेवाकडे लागायचे. दोष सापडत नव्हता. तो सापडल्याशिवाय लातूरला जाणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं. अक्कानं समजावलं, रडली, शेवटी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि खाली निघून जायची. घरात दोनच माणसं, आणि दोघंही गप्प.

तिनं मला बोलावून घेतलं. अमावस्या होती, मोंढा बंद, त्यामुळे दाजी सकाळपासून माडीवरच. जिना चढून आलेल्या माणसासारखा त्यांना बसल्या जागी दम लागत होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, दाजी, गाडी खाली उभी आहे, चला. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. तारांवर नजर ठेवूनच म्हणाले, ‘‘शिवा, मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो न्हाई तर हे कुणाला कळणार हाय? भंगारात जाईल.’’

दारात अक्का उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

‘‘मला सांगा. कोणती तार कुठं जाती ते सगळं सांगा. मग तर याल ना?’’

दाजींनी सरकून तिला जागा दिली. थांबत थांबत, श्वास घेत ते सांगत गेले आणि अक्का एकेका जागेवर बोट ठेवत विचारत गेली, हे काय, हे कशाला. संगणक चालूच होता, भरकटलेला. मला नुसता राग येत होता. त्यांचे ओठ मला काळसर दिसत होते... एका चिपेवर अक्कानं बोट ठेवलं आणि दिवे सुतासारखे सरळ चालू लागले. तिनं बोट उचललं, पुन्हा गोंधळ. परत ठेवलं, परत सरळ.

‘‘बोट काढू नको,’’ दाजी म्हणाले. आवाज अगदी बारीक.

त्यांनी भिंग घेऊन पाहिलं. चिपेची एक पिन त्यांनी जोडलीच नव्हती. मोकळी पिन आजूबाजूचं काहीही ऐकते आणि संगणकाला भलतंच सांगते. अक्काच्या बोटातून शेजारच्या पिनेची किंचितशी वीज तिला मिळत होती, म्हणून ती गप्प बसली होती. दाजींनी तार तिच्या हातात दिली आणि ती अक्कानंच लावली. मग ते आपणहून उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. औशाच्या बाजूला त्यांचे एक स्नेही राहायचे, संगणकाचं कुठवर आलं ते नेहमी विचारायचे; त्यांना फोन करून म्हणाले, झालं बरं का, चाललं. अक्का मागे त्यांचा हात धरून बसली आणि लातूर येईपर्यंत मी एकदाही मागे वळून बघायचं धाडस केलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. त्यापुढचा हिवाळा त्यांना मिळाला, उन्हाळाही मिळाला. दुकान पुतण्याकडे दिलं आणि ते माडीवर रमले. मग एका दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

परवा उदगीरला गेलो होतो. वीज गेली किंवा रात्री बंद केला की हा संगणक शिकवलेलं सगळं विसरतो; म्हणून दाजी रोज आंघोळ आणि लिंगपूजा झाली की छोटी छोटी बटणं खालीवर करून पहिल्यापासून सगळा प्रोग्रॅम त्यात घालायचे आणि मगच चहाला खाली यायचे. ते आता, त्यांच्याकडूनच शिकलेली, अक्का करते. मी पोचलो तेव्हा ती तेच करत होती. एके ठिकाणी चुकली, पुन्हा मुळापासून लागली. शेवटी दिवे एकामागून एक सरकू लागले, आणि तेवढ्यात लाइट गेली. मला वाटलं, आता उठेल.

‘‘तू खाली जा, चहा ठेव,’’ ती म्हणाली. ‘‘मी लाइट आली की हे घालून येते.’’