उज्वलाच्या मापाची माळ

लहानूभाऊंना बास्केटबॉलचे नियम आजही धड सांगता येत नाहीत. रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की शिट्टी वाजते, हे त्यांना आठ वर्षांत पटलेलं नाही. पोरगी दमली असेल, उभी राहिली असेल घटकाभर, त्यात त्या पंचाचं काय गेलं, असं त्यांचं म्हणणं. मी गोदातीर क्रीडा मंडळाचा स्कोअर लिहितो. त्याआधी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे चुकीचं काही कानावर पडलं की मला राहवत नाही. लहानूभाऊंना समजावण्याचा नाद मात्र मी केव्हाच सोडला.

मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, अष्टर आणि बांधाला गुलाब. सकाळी फुलं तोडायची आणि पंचवटीत भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर बसून ओवायची, हा त्यांचा आणि त्यांच्या पत्नी सरुबाईंचा रोजचा क्रम. दोघं एकाच पोत्यावर बसतात, एकमेकांकडे न बघता ओवतात आणि दिवसभर एकमेकांच्या तक्रारी करतात. आमचं मैदान तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तरी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत हा माणूस कधी आत डोकावला नव्हता.

आला तो एका पाहुण्यामुळे. आमच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं आणि प्रमुख पाहुण्यांसाठी मोठा हार सांगितला होता. पाहुणे आले की तुम्हीच हातात द्या, असं कुणीतरी सांगून ठेवल्यामुळे लहानूभाऊ हार घेऊन कोर्टाच्या कडेला उभे राहिले. पाहुणे निघाले होते, मग द्वारका चौकात अडकले होते, मग पोचतच होते. शेवटी त्यांच्याशिवाय सामना सुरू झाला आणि संपलाही. नामपूरहून कॉलेजसाठी आलेली एक उंच, काटकुळी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडून खेळली आणि तिनं एकटीनं एकोणीस गुण केले. इकडे फुलं मान टाकायला लागली होती. लहानूभाऊ कुणालाही न विचारता सरळ कोर्टात गेले, टाचा उंचावल्या आणि हार त्या मुलीच्या गळ्यात घातला.

तिनं आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाचा तर नाही ना म्हणून. मग तिच्या अहिराणीत विचारलं, "मामा, हाऊ हार मना शे का?" हा हार माझा आहे का, इतकंच. सगळे हसले. लहानूभाऊ हसले नाहीत. "तुझाच हे," म्हणाले आणि पोत्यावर परत गेले.

ती उज्वला. तिचे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात हमाली करत. तिच्या गळ्यात त्याआधी कुणी काही घातलं नव्हतं, हे तिनंच पुढे कधीतरी सांगितलं.

पुढच्या सामन्याला लहानूभाऊ आपणहून आले आणि पायऱ्यांवरूनच ओरडले, पोरींनो, हार आणलाय. त्या दिवशी आम्ही हरलो. आमचे प्रशिक्षक संतोष सर तसे शिकलेले गृहस्थ, पण सामन्याच्या दिवशी त्यांचं शिक्षण घरी राहतं. ते लहानूभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, तुमचा हार झाला आणि आमची हार झाली, यात फरक फक्त एका वेलांटीचा आहे. हा शब्द इथं नको." तेव्हापासून गोदातीरच्या मैदानावर हार हा शब्द बंद झाला. माळ म्हणायचं. लहानूभाऊंनी हे इतकं मनावर घेतलं की रविवारी, म्हणजे सामन्याच्या दिवशी, दुकानावरही ते माळच म्हणायचे. नवरदेवाच्या घरची माणसं हार मागायला आली की गोंधळून जायची, आणि सरुबाई सांगायच्या, आज यांच्या तोंडाला कुलूप हे, मला सांगा काय पाहिजे ते.

मग रीतच पडली. जिंकल्यावर सर्वाधिक गुण करणारीच्या गळ्यात माळ पडायची, आणि सर्वाधिक गुण उज्वलाचेच असायचे. लहानूभाऊ तिसऱ्या पायरीवर बसत. मांडीवर निळी पिशवी आणि पिशवीत ओल्या फडक्यात माळ. उज्वला फ्री थ्रोला उभी राहिली की चेंडू तीनदा आपटायची आणि तिसऱ्या पायरीकडे एकदा बघायची. मग लहानूभाऊ पिशवी वीतभर वर उचलायचे, आणली आहे बरं का, अशा अर्थानं. चेंडू जाळीतून गेला की पिशवी परत मांडीवर. शेवटी ती त्यांच्यासमोर येऊन मान वाकवायची. साधी माळ तिला तोकडी पडायची, म्हणून ते कोपरापासून बोटापर्यंत चार हात दोरा मोजून घ्यायचे. बाकी सगळ्यांना तीन हात पुरतात.

सहा वर्षं हे चाललं. आणि दीड वर्षापूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या संघासाठी तिला कायमची नोकरी दिली.

आम्ही कसे वागलो ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. किशोरनं, ज्याचं कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे, दुकानात लावलेला तिचा फोटो त्याच दिवशी उतरवला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी नाही नाही ते लिहिलं. तिच्या वडिलांची पाठ गेली होती, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही लिहिलं. मी शिव्या दिल्या नाहीत. मी मास्तर ना, मी शुद्धलेखन सांभाळून लिहिलं, "ज्याला जायचे त्याने खुशाल जावे. मात्र पुन्हा मागे वळून पाहू नये." चाळीस जणांनी अंगठे दिले. दहाव्या मिनिटाला ग्रुपवर एक बारीक करडी ओळ उमटली. उज्वलानं ग्रुप सोडला होता. ती अजून ग्रुपमध्ये आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लहानूभाऊंकडे व्हॉट्सॲपचा फोन नाही. त्यांना मीच दुकानावर जाऊन सांगितलं. त्यांनी सुईत दोरा घालायचा प्रयत्न केला, तो दोनदा चुकला, मग सुई सरुबाईंकडे दिली. पुण्याला गुलाब चांगला जातो, एवढंच काहीतरी बोलले.

त्यानंतर आमचा खेळ बसला. जिंकायचो तेही रडतखडत. कप्तान आता सुवर्णा होती. सुवर्णा चपळ पण बुटकी, जेमतेम पाच फूट. पहिल्यांदा तिच्या गळ्यात माळ पडली तेव्हा ती नडगीपर्यंत लोंबली. पोर आनंदानं धावायला गेली आणि माळेत पाय अडकून पडली. सगळे हसले आणि हसता हसता गप्प झाले, कारण ती माळ कुणाच्या मापाची आहे हे प्रत्येकाला कळलं होतं. पुढच्या वेळेपासून सुवर्णा माळ दुहेरी करून घालायला लागली. लहानूभाऊ पुढच्या वेळीही चार हातांचीच घेऊन आले, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. सरुबाईंनी एकदा माझ्यादेखत विचारलं की ती नवी पोर केवढीशी, एवढा दोरा कशाला वाया घालवता. लहानूभाऊ ऐकू न आल्यासारखे ओवत राहिले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. मी नुसता चिडलो होतो आणि चिडणं कधीतरी संपतं. त्यांचं काही संपत नव्हतं.

या जानेवारीत राज्य स्पर्धा नाशिकला आली आणि उपांत्य सामन्यात आमची गाठ पुण्याच्या त्या कंपनीशी पडली. ग्रुपवर ठरलं की उज्वलासाठी एकानंही टाळी वाजवायची नाही आणि ती फ्री थ्रोला आली की रिकाम्या बाटल्या बडवायच्या. लहानूभाऊंना किशोर जातीनं बजावून आला की माळ आपल्याच पोरीच्या गळ्यात पडली पाहिजे, आणि तीही जिंकलो तर. लहानूभाऊ म्हणाले, बरं. मला मात्र आदल्या दिवशी दुकानावर त्यांनी हळूच विचारलं होतं, "सर, ती वळखंल ना आपल्याला?" मी म्हटलं, काहीतरीच काय. पण त्यांना एवढंच हवं होतं. जिंकणं हरणं नंतर. तिनं एकदा तिसऱ्या पायरीकडे बघावं, त्यासाठी तो माणूस दीड वर्ष थांबला होता.

ती आली. खांदे रुंद झाले होते, केस कापले होते, अंगात लाल जर्सी होती. तिनं पायऱ्यांकडे पाहिलंच नाही. बघणार कशी, मी लेखी मनाई केली होती. तिचा प्रत्येक गुण मीच विरुद्ध बाजूच्या रकान्यात लिहीत होतो आणि माझं अक्षर बिघडत चाललं होतं. सुवर्णा जीव तोडून खेळली. शेवटची चार सेकंदं उरली तेव्हा आम्ही एकसष्ट, पुणे साठ. आणि आमच्या पोरीनं उज्वलाला धक्का दिला. फाऊल. दोन फ्री थ्रो.

मैदान बाटल्यांनी दणाणलं. उज्वला रेषेवर आली. चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला, तीनदा आपटला. आणि तिनं मान वळवून तिसऱ्या पायरीकडे पाहिलं.

लहानूभाऊंनी पिशवी उचलली.

मी टेबलावरून पाहिलं. किशोर त्यांच्या मागेच बसला होता, त्यानंही पाहिलं. वीतभरच, नेहमीसारखी. पहिला चेंडू जाळीतून गेला. तिनं पुन्हा पाहिलं, पिशवी वरच होती. दुसराही गेला. एकसष्ट, बासष्ट. उरलेल्या चार सेकंदांत आम्हाला काही जमलं नाही. बझर वाजला आणि बाटल्या एकदम थांबल्या.

किशोर काय काय बोलला ते मी लिहीत नाही. लहानूभाऊ पायरीवर तसेच बसले होते, आपल्याच हातांकडे बघत. मी जवळ गेलो तर म्हणाले, "सर, मी नाय उचलली. हात आपसूक गेला." मी त्यांच्या शेजारी बसलो.

तेवढ्यात उज्वला समोर आली. तिच्या संघातल्या मुली तिला बसकडे बोलावत होत्या. आमच्या पायऱ्यांवर कुणी हललं नाही. तिनं किशोरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. लहानूभाऊंच्या पायरीशी थांबून तिनं पिशवीकडे बोट केलं.

"मामा, हाई माळ मनी शे का?"

दीड वर्ष ती पुण्यात होती. तिच्या संघात हार म्हटलेलं चालत असणार, नुकतंच आम्हाला हरवूनही झालं होतं. तरी आमच्या मैदानावर तिनं तो शब्द तोंडातून काढला नाही.

लहानूभाऊ पायरीवर उभे राहिले. "माळ नाय, पोरी," ते म्हणाले. "आज हार हे." सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात, आठ वर्षांनी. मग त्यांनी फडकं सोडलं. उज्वलानं मान वाकवली. हार कुठं दुहेरी करावा लागला नाही, कुठं लोंबला नाही. जिथं यायला हवा तिथं बरोबर आला. तिनं तो हातानं चाचपला आणि तिच्या लक्षात आलं.

"मामा, अजून याच मापाची करता?"

"हात तेवढाच जातो."

ती रडली, उघडउघड, नाक ओढत. सुवर्णा मागे उभी होती, तीही. उज्वलानं सुवर्णाला खांद्याला धरून पुढे ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून उंची दाखवली आणि लहानूभाऊंना म्हणाली, "हिच्या मापाची करत जा आता." ती गेली. बसच्या दारात पाय ठेवल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. मी हात वर केला. तिनं तो पाहिला की नाही, मला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी एका कॉलेजच्या संघाशी सामना होता. लहानूभाऊ येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले, तिसऱ्या पायरीवर बसले, आणि किशोरनं त्यांना चहा आणून दिला. आम्ही मोठ्या फरकानं जिंकलो. सुवर्णा धापा टाकत समोर आली आणि सवयीनं माळ दुहेरी करायला तिनं हात वर केले. हात तसेच थांबले. माळ तीन हातांची होती. एकेरीच, बरोबर कमरेपर्यंत.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. लहानूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"बसली ना, सर?"

मी म्हटलं, बसली. मग मी स्कोअरशीटवर मान घातली आणि बराच वेळ बेरीज करत राहिलो. ती केव्हाच करून झाली होती.