पंख वर वाकतो की खाली

मान वर करून चालणारा आमच्या धाकट्या दिरांसारखा माणूस अख्ख्या वडगावात न्हाय, आणि त्यापायी इतक्या वेळा गटारीत पडलेलाही न्हाय. घरात चार पॉवरलूम खडखडत असतात, शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. पण सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान यांना बरोबर ऐकू येतं. लगेच अंगणात. "वयनी, चपट्या इंजिनाचं आलं बघा!"

मी एकदा म्हणाले, "भावजी, विमान ते विमान. शेपूट, पंख आणि पोटात माणसं." झालं! मला बसवूनच घेतलं, चुलीवरचं दूध उतू गेलं. "वारा सगळ्यांना एकच, व्हय. पण आपल्याकडं नक्षी विणायचा जकार्डाचा उंच माग आला तवा आमच्या वडलांनी छत उचललं का? जमीन खणून माग खाली बसवला. तसंच त्या चपट्या इंजिनवाल्या कंपनीचं. सांगाडा जुना, पाय आखूड. मोठं इंजिन जमिनीला टेकाय लागलं, मग खालनं चपटं केलं. दुसऱ्या कंपनीनं नंतर नवं विमान काढलं, पाय उंच ठेवले, म्हणून तिचं इंजिन गोल." तेव्हापासून मीही बाजारात बायकांना हे ऐकवू लागले. अर्धं चुकीचं, पण ठसक्यात.

मग लेकानं नातवाच्या बारशाला मला आणि भावजींना बंगळूरची दोन तिकिटं पाठवली. भावजी म्हणाले, "माग कोण बघणार? तुम्ही एकट्याच जावा. फकस्त उडताना पंख वाकतो का, तेवढं डोळ्यानं बघून या." जन्मभर जमिनीवरनं विमानं बघणाऱ्या माणसाचं एवढंच मागणं.

आणि मी काय केलं? विमान सुटल्यासुटल्या डोळे मिटले. उघडले ते खुर्चीच्या कापडावर. कड उलटून वीण बघितली, धागे मोजले. विणकराच्या घरची सून ना! खिडकी शेजारीच होती, तिकडं मान काही वळली न्हाय.

परत आले तर भावजी विमानतळाबाहेर उभे. बाळ कसं आहे, काही विचारणं न्हाय.

"वाकला?"

"वाकला की, लई!"

"वर का खाली?"

"खाली," मी ठसक्यात.

रिक्षा वडगावात शिरेपर्यंत ते आकाशच बघत होते. मग हळूच म्हणाले, "उडताना वर वाकतो, वयनी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भ्यायले हो, भावजी. उडताना डोळेच मिटले, मग खिडकीकडं बघितलंच न्हाय."

त्यांनी त्या दिवशी आकाश सोडून माझ्याकडं बघितलं. "माग बंद ठेवता आले असते की. मलाच भ्या वाटलं."

दोघांचीही सत्तरी उलटलीय, फार खेपा उरल्या नाहीत. लेकाला पुन्हा दोन तिकिटं काढायला सांगितलीत. दोघांनी एकेक डोळा उघडा ठेवायचा, असं ठरलंय. खिडकीकडचा त्यांचा.